जवाच्या मागावर: किन्नौर-स्पितीच्या वाटेवरच्या प्रकल्प नोंदी

१० सप्टेंबर, शिमला

मार्ग पक्का झाला. शिमल्याहून निघायचं, सतलजच्या काठाकाठानं किन्नौर चढायचं, खाबच्या संगमावर सतलज सोडून स्पिती नदी धरायची, काझात बस्तान टाकायचं आणि कुंझुम खिंड ओलांडून लाहौलमध्ये उतरायचं. दोन मोटरसायकली, दोन माणसं. एकीवर दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, दुसरीवर मी. गाड्यांचं सगळं त्याच्याकडे. वही, थर्मामीटर आणि स्वयंपाकघरं माझ्याकडे.

विषय एवढाच: उंची वाढते तसं घरातलं रोजचं जेवण कसं बदलतं, आणि का बदलतं. ढाब्यावरचं जेवण यात धरायचं नाही, कारण मॅगी आणि राजमा-चावल हिमालयात कुठेही मिळतात. घरात कोणतं धान्य शिजतं, कशावर, किती वेळ, हे बघायचं. त्यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतलाय. प्रत्येक मुक्कामी उकळत्या पाण्याचं तापमान लिहायचं. दर ३०० मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश आधीच उकळतं. चार हजार मीटरच्या वर ते ८६-८७ अंशांतच खदखदायला लागतं आणि कितीही जाळ केला तरी उघड्या भांड्यात त्यापुढे जात नाही. डाळ-तांदूळ अशा पाण्यात तासभर राहिले तरी दाण्याची कणी राहते. मग कुकर नव्हते तेव्हा वरची माणसं काय खात होती? सगळा प्रकल्प या प्रश्नावर उभा आहे.

किन्नौरकडून शिरायचं कारण साधं आहे. मनालीकडून गेलं तर कुंझुमची साडेचार हजार मीटरची उंची लगेच अंगावर येते आणि पहिले दोन दिवस डोकं धरून बसण्यात जातात. इकडून चढ टप्प्याटप्प्यानं आहे.

सामान: पुढच्या-मागच्या चाकांच्या जादा ट्यूबा, टायर लिव्हर, हातपंप, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, ब्रेक पॅड, चेनचं तेल, पेट्रोलचे कॅन. खायला फक्त चणे-गूळ. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या घरी फोन करून सांगायचं की पाहुण्यांचं जेवण नको, तुम्ही जे खाता तेच करा. आयत्या वेळी पोचून हे मागणं बरोबर नाही. पीठ आंबवायला, धान्य भिजवायला रात्र लागते.

११ सप्टेंबर, नारकंड्याहून रामपूर

नारकंडा, २,७०० मीटर. पाणी ९१ अंशांना उकळलं. एका घरी सिड्डू केले होते. कणीक रात्रभर आंबवून, आत अक्रोड आणि खसखस वाटून भरून, करंजीचा आकार देऊन वाफवतात. मग मधोमध मोडून त्यात तूप ओततात. उंचीबरोबर वाफही थंड होत जाते, म्हणून इथे वाफवायला खालच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. घरच्या काकूंनी घड्याळ पाहिलंच नाही. सिड्डूवर बोट दाबायचं आणि खड्डा भरून आला की उतरवायचे.

रस्ताभर सफरचंदांच्या पेट्या भरलेले ट्रक. जवळच कोटगढ. अमेरिकेहून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास तिथे डेलिशियस जातीची झाडं लावली, आणि या सगळ्या डोंगरांचं अर्थकारण पालटलं. पुढे ते सत्यानंद स्टोक्स झाले आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले. आज इथल्या उतारांवर धान्य शोधावं लागतं. सफरचंद विकून गहू-तांदूळ विकत आणतात.

नारकंड्यावरून सतलजपर्यंत उतरताना उंची दीड हजार मीटरहून जास्त पडते आणि जॅकेट काढावं लागतं. रामपूर जेमतेम हजार मीटरवर. पाणी ९६.५. इथे भात-आमटी कोणत्याही अडचणीशिवाय होते, त्यामुळे आमच्या कामाचं फार काही नाही. मात्र नोव्हेंबरात इथे लवीचा मेळा भरतो. वरच्या मुलखातली लोकर, चिलगोजे (एका पाइनच्या खायच्या बिया) आणि घोडे इथे उतरायचे, धान्य-मीठ वर जायचं. कोण काय पिकवतं आणि कोणाला काय कमी पडतं, याचा जुना हिशेब या बाजारात दिसायचा.

१२ सप्टेंबर, सांगला

झाकडी, ज्यूरी, तरंडा. तरंड्याला कडा पोखरून रस्ता काढलाय; डोक्यावर खडक, डाव्या हाताला खोल सतलज. देवीच्या देवळापाशी प्रत्येक गाडी थांबते, आम्हीही थांबलो. हिंदुस्तान-तिबेट रस्त्याचं काम डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये सुरू झालं होतं. ती जुनी वाट आजच्यापेक्षा बरीच वरून, गावागावांतून जायची.

करछमला सतलज सोडून बास्पाच्या खोऱ्यात वळलो. चढ तीव्र, वळणं अरुंद. दादाची सूचना: "चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, पण समोर बस असेल तर हक्क विसर आणि डोंगराच्या बाजूला उभी रहा."

सांगल्याला घरचा राजमा. दाणा लहान, साल पातळ, रस दाट. रात्रभर भिजवून सकाळी कुकरला. कुकर येण्याआधी तो सकाळी चुलीवर ठेवायचा आणि रात्री खायचा, असं घरातल्या आजींनी सांगितलं. पाणी ९१.

१३ सप्टेंबर, छितकुल

उंची ३,४५०. पाणी ८८.५.

आजच्या दिवसाचं मोठं काम म्हणजे ओगला आणि फाफरा. कुट्टूचे, म्हणजे बकव्हीटचे, हे दोन प्रकार इथल्या शेतात शेजारी शेजारी दिसतात. ओगल्याची गुलाबी फुलं आता ओसरत आलीत, देठ लालभडक झालेत आणि त्रिकोणी दाणा काळा पडायला लागलाय. फाफऱ्याची फुलं हिरवट, लक्षातही येत नाहीत. दाणा खडबडीत आणि पीठ कडवट. घरच्या आंटीजींनी दोन्ही पिठं तळहातावर ठेवून चाखायला दिली. ओगल्याचं सौम्य, मागे किंचित गोडी राहते. फाफऱ्याचं जिभेच्या मुळाशी कडू लागतं आणि बराच वेळ जात नाही. तरी फाफरा सोडत नाहीत, कारण थंडी आणि निकस जमीन तो जास्त सोसतो. आंटीजी म्हणाल्या, "ओगला मन से खाते हैं, फाफरा बर्फ में याद आता है."

कुट्टू तीन महिन्यांत तयार होतो. इतक्या उंचीवर, जिथे पेरणी आणि पहिली थंडी यांच्यात फार दिवस मिळत नाहीत, तिथे याचं मोल काय ते शेतात उभं राहिल्यावर समजलं.

चिलटा, म्हणजे कुट्टूचं धिरडं, करताना सुरुवातीपासून बसले. ओगल्याचं पीठ रात्रीच पाण्यात कालवून ठेवलेलं. सकाळी वर बारीक बुडबुडे. पीठ पळीवाढं. लोखंडी तव्यावर अक्रोडाच्या सालीचा तुकडा तुपात बुडवून फिरवला, मग पळीनं पीठ मधोमध ओतून त्याच पळीच्या पाठीनं बाहेर बाहेर ओढलं. आपल्या घावनासारखी जाळी पडते, पण रंग राखाडी-तपकिरी आणि कडा कुरकुरीत न होता मऊ राहते. एका बाजूला दीड-दोन मिनिटं, उलटून तेवढाच वेळ. सोबत लोणी, अक्रोड आणि हिरव्या मिरचीची चटणी.

माझ्या वहीसाठी यातली कळीची गोष्ट तवा. पाणी ८८ अंशांच्या वर जात नसलं तरी तव्याला ती मर्यादा नाही. कोरडं लोखंड हवं तेवढं तापतं. पातळ पीठ तव्यावर पसरलं की उंचीचा अडसर बराचसा संपतो, आणि सरपणही थोडं लागतं. छितकुलला अजून देवदार आणि भोजपत्राचं रान आहे, लाकूड मिळतं. वर स्पितीत तेही नाही. तिथे या तर्काचं पुढे काय होतं ते बघायचं.

१४ सप्टेंबर, कल्पा

पोवारीला टाक्या आणि कॅन भरले. पुढचा भरवशाचा पंप काझाचा.

कल्प्याला दुपारभर चिलगोजे. झाडावरून शंकू उघडण्याआधीच उतरवतात, ढीग करून वाळवतात, मग आपटून बिया काढतात. हे झाड हिमालयाच्या आतल्या कोरड्या पट्ट्यात वाढतं आणि किन्नौर हे भारतातलं त्याचं मोठं घर. चढायला वाईट झाड, सगळं अंग चिकानं माखतं. काढणाऱ्याच्या हातांकडे पाहिलं की चिलगोजा महाग का हे विचारायला लागत नाही.

चुल्लीचं तेलही चाखलं. चुल्ली म्हणजे रानजर्दाळू. गर खाऊन किंवा वाळवून संपला की बी फोडून आतल्या गिरीचं तेल काढतात. स्वयंपाकाला आणि सांध्यांना चोळायला तेच. वास बदामाचा. याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण घरातलं तेल अजूनही घरातच संपतं.

१५ सप्टेंबर, नाको

स्पीलोच्या पुढे झाडं संपली. पावसाचे ढग मागच्या डोंगररांगांवरच रिते होतात, इथे पोचतच नाहीत. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथला पूल ओलांडला की रस्ता वेढे घेत सरळ आकाशाकडे चढतो. दोन्ही गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये. खालच्या वेढ्यावरची दादाची गाडी माझ्या पायाखाली दिसत होती.

उंची ३,६६०, पाणी ८८. रात्री जवाच्या पिठाचा थुक्पा, म्हणजे दाट गरम सूप. आजपासून जव सुरू, आणि याचसाठी निघालो होतो. घरांच्या गच्च्यांवर कडेनं चारा आणि काटक्यांची रास रचलेली. ती सहा महिन्यांची शिदोरी आहे. हिवाळा जवळ येईपर्यंत तिला हात लावत नाहीत.

डोकं थोडं जड. तीन लिटर पाणी प्यायलं, लवकर झोपले.

१६ सप्टेंबर, ताबो

सुमदोला चौकीवर नावं-क्रमांक लिहून दिले. भारतीयांना इथे परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र हाताशी हवं.

ताबो ३,२८० मीटर, म्हणजे नाकोच्या खाली. दरी रुंद, ऊन भरपूर, त्यामुळे इथे सफरचंदही होतं. गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इ. स. ९९६ चा. बाहेरून मातीच्या बुटक्या भिंती, आत हजार वर्षांची चित्रं. याला हिमालयातली अजिंठा म्हणतात. आत फोटो काढायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं लागतात, मग एकेक चेहरा भिंतीतून पुढे येतो. मी ठरवल्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ बसले.

जेवण: तिंगमो आणि पालक-बटाट्याची भाजी. तिंगमो म्हणजे वाफवलेला तिबेटी पाव. तो गव्हाचा, आणि गहू आज बाहेरून येतो. हे वेगळ्या रकान्यात लिहिलं.

१७ सप्टेंबर, काझा

गाड्यांचा दिवस. चेन रॉकेलनं धुतल्या, तेल घातलं, ढिली झाली होती ती ताणली. माझ्या गाडीचा मागचा ब्रेक पॅड बदलला. एअर फिल्टर काढला तर त्यातून पिठासारखी बारीक धूळ पडली. दादाची गाडी जुनी, कार्बोरेटरची. इथल्या विरळ हवेत तिला पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडते, म्हणून ती गुदमरते, धूर काढते. त्यानं मिश्रणाचा स्क्रू फिरवून पेट्रोल कमी केलं. माझ्या गाडीत इंजेक्शन आहे, ती स्वतःच जुळवून घेते. ताकद मात्र दोघींचीही उतरली आहे.

दादा स्क्रू फिरवताना म्हणाला, "अगं, तुझं पातेलं आणि माझं इंजिन, दोघांचं दुखणं एकच." खरं आहे. हवेचा दाब कमी झाला की दोन्हीकडे कमी पडतं. हे वाक्य प्रकल्पात जसंच्या तसं घेणार.

टाक्या भरल्या.

१८ सप्टेंबर, किब्बर

उंची ४,२७०. पाणी ८५.७.

गावात मळणी चालू. खळ्याच्या मधोमध खांब, त्याभोवती जनावरं फिरतायत: गाढवं, आणि याक-गायीच्या संकराची काळी जनावरं. मागून एक माणूस गात गात हाकतो. काही खळ्यांवर यंत्रही आलंय. वारा सुटला की दाणे उपणतात. वारा पडला की सगळे बसून चहा पितात.

ज्यांच्या घरी उतरलोय त्या अम्मांना मी सांगितलं की मला सत्तू कसा होतो ते अगदी सुरुवातीपासून बघायचंय. त्या म्हणाल्या, "कल भूनना ही है, सुबह आ जाना रसोई में."

दुपारी गोंपाकडे फेरी. परतताना चिचमच्या पुलावर थांबलो. २०१७ मध्ये हा पूल झाला. त्याआधी चिचमची माणसं खोल घळीवर टांगलेल्या झुल्यात बसून दोर ओढत पलीकडे जायची. सिलिंडर, पिठाची पोती, आजारी माणूस, सगळं त्या झुल्यातून. गावातल्या चुलीवर काय चढतं हे पुलावरही ठरतं, हे इथे उभं राहून जास्त पटलं.

१९ सप्टेंबर, किब्बर

आज लिहायला पुष्कळ आहे.

सकाळी सहाला स्वयंपाकघरात. मधोमध पत्र्याचा तंदूर, त्याचं धुराडं छतातून बाहेर. शेजारी भाजण्यासाठी वेगळी मातीची चूल. जव आदल्या रात्री धुऊन, पाणी निथळून, कापडात गुंडाळून ठेवलेला. दाणा हाताला ओलसर, पण पाणी सुटत नव्हतं. चुलीत शेणी आणि विलोच्या काटक्या. रुंद लोखंडी कढईत नदीची बारीक, धुऊन चाळलेली वाळू.

वाळू तापायला बराच वेळ गेला. अम्मांनी चार दाणे टाकून पाहिले. दाणे क्षणभर नुसते पडून राहिले, मग तडतडले. तेव्हा कुठे दोन मुठी जव वाळूत गेला. लाकडी उलथन्यानं सतत हलवणं, हात एकदाही थांबला नाही. अर्ध्या मिनिटातच तडतड वाढली, दाण्यांची तोंडं उकलली, पांढरं आतलं दिसायला लागलं आणि घरभर खमंग वास पसरला. लगेच सगळं चाळणीत ओतलं. वाळू खाली कढईत परत, दाणे वर. पुन्हा दोन मुठी. वाळूत थर्मामीटर खुपसला तर काटा त्याच्या शेवटच्या खुणेला, २०० अंशांना टेकला, म्हणून काढून घेतला.

पाणी ८६ अंशांवर अडतं, तिथे वाळू दोनशेच्या पुढे जाते. दाणा चारी बाजूंनी तापतो, करपत नाही, अर्ध्या मिनिटात आतपर्यंत शिजतो. आणि एकदा दळला की पुढे त्याला चूलच लागत नाही. हिवाळ्यात, शेतात, जनावरांमागे डोंगरावर, कुठेही सत्तू वाटीत घ्यायचा, वर चहा किंवा ताक ओतायचं, बोटांनी कालवून गोळा करायचा आणि खायचा. एका सकाळच्या जाळात कित्येक दिवसांचं जेवण. जिथे झाड नाही, जळण म्हणजे जनावरानं दिलेलं शेण आणि नदीकाठची थोडी विलो, तिथे हेच शहाणपणाचं आहे. गरिबीचं जेवण म्हणून याकडे बघणाऱ्यांनी एकदा ती कढई बघावी. या मुलखात मी पाहिलेलं सगळ्यात नेमकं तंत्रज्ञान हेच.

दळायला घराटावर गेलो. ओढ्याचं पाणी लाकडी पन्हळीतून खालच्या पात्यांवर पडतं, वरचा दगड फिरतो. दगडाला टेकलेली काडी फिरताना थरथरते आणि टोपलीतून एकेक दाणा जात्याच्या तोंडात सोडते. पाणी कमी झालं की दगड मंदावतो, काडी मंदावते, दाणाही कमी पडतो. कोणी लक्ष ठेवायला नको. पीठ कोमट, फिकट तपकिरी.

घरी येऊन नमकीन चहा. चहापत्ती बराच वेळ उकळून काढलेला काढा, त्यात मीठ आणि लोणी, लाकडी नळकांड्यात घुसळून. त्यात सत्तू कालवला, वर छुर्पेचे तुकडे. छुर्पे म्हणजे ताक तापवून फाटलेलं चोथ्यासारखं वेगळं काढून उन्हात वाळवलेलं. दातांखाली आधी दगड, मग हळूहळू आंबट. दादानं दुसरी वाटी मागून घेतली. दुपारी काळ्या मटाराच्या पिठाचा थुक्पा. काळा मटार हा इथला जुना वाण. जवाबरोबर त्याचंही पीठ करतात, म्हणजे डाळ शिजवण्याचा प्रश्न दळण्यानंच सुटतो.

मग विचारलं, जव किती पेरता? अम्मांनी खिडकीतून दाखवलं. खालची मोठी, पाण्याजवळची शेतं हिरव्या मटाराची. वरचे दोन तुकडे जवाचे. खाली मैदानात मटार नसतो तेव्हा, ऑगस्टच्या सुमारास, स्पितीचा मटार निघतो आणि चांगला भाव खातो. त्या पैशांवर मुलं शिमला-चंडीगडला शिकतायत, घराला नवं छत आलंय. रेशनचा तांदूळ-आटा मिळतो, सिलिंडर येतो, कुकर आहे. कुकरची नोंद घेतली: समुद्रसपाटीला त्यात साधारण १२० अंश मिळतात, इथे बाहेरचा दाबच कमी असल्यानं ११३ च्या आसपास. डाळ तरीही होते, फक्त शिट्ट्या जास्त. अम्मांचा हिशेब: "नीचे तीन सीटी, यहाँ सात."

मटार पेरणाऱ्याला मी जव पेरा म्हणणार नाही. मला तो अधिकार नाही. पण दोन तुकड्यांवर आलेला जव शून्यावर गेला तर वाळूची कढई, घराट, वाऱ्याची वाट बघणारी खळी, सगळंच एकदम जाईल, कारण ही सगळी व्यवस्था त्या एका दाण्याभोवती बांधलेली आहे. मटार दळायला घराट लागत नाही. म्हणून आज कृतीबरोबर मापंही घेतली: कढईचा व्यास, वाळूचं वजन, दर खेपेचा जव, भाजायचा वेळ, जळणाचं वजन. पुढच्या कोणाला हे पुन्हा उभं करायचं असेल तर "थोडं भाजा" एवढ्यावर भागणार नाही.

पाहुणे म्हणून येणाऱ्यांच्या हातात मात्र एक गोष्ट आहे. पराठा आणि पनीर मागायचं की सत्तू, हे तेच ठरवतात. अम्मा सांगत होत्या की लोक पोचतात आणि आधी मॅगी विचारतात, म्हणून त्या मॅगीच ठेवतात.

२० सप्टेंबर, लांग्झा, हिक्किम, कॉमिक

हिक्किमच्या पोस्टातून घरी कार्डं टाकली. ४,४०० मीटरवरचं हे पोस्ट १९८३ पासून चालू आहे. कॉमिकला, ४,५८७ मीटरवर, पाणी ८४.६, प्रवासातला सगळ्यात खालचा आकडा. तिथेही जव पिकतो.

२२ सप्टेंबर, लोसर

काझाहून उशिरा निघालो. लोसरच्या अलीकडे माझ्या मागच्या चाकाखाली धारदार दगड आला आणि ट्यूब चिरली. गाडी मधल्या स्टँडवर, सामान खाली, धुरीचा नट सैल, चाक पुढे ढकलून चेन उतरवली, चाक बाहेर. लिव्हरनं टायरची एक कड सोडवली. नवी ट्यूब घालण्याआधी दादानं टायरच्या आतून बोटं फिरवत पूर्ण घेर तपासला. दगडाची कपची अजून रबरात रुतून होती. ती राहिली असती तर नवी ट्यूबही गेली असती. हातपंपानं हवा भरायला सगळ्यात जास्त वेळ गेला. या उंचीवर पन्नास दट्ट्यांनंतर माणूस बदलावा लागतो. तेवढ्यात थांबलेल्या एका ट्रकवाल्या भाईजींनी न विचारता पंप हातात घेतला आणि उरलेली हवा भरून दिली. त्यांना चणे-गूळ दिला, त्यांनी वाळलेले जर्दाळू दिले.

लोसर ४,०८०. पाणी ८६.५. जवाची कापणी इथे आत्ता चालली आहे.

२३ सप्टेंबर, कुंझुम ओलांडून छतडू

पहाटे निघालो, आणि यात तडजोड नको. बातलच्या पुढचे नाले हिमनद्यांवरून येतात. सकाळी बर्फ गोठलेलं असतं म्हणून पाणी कमी, दुपारनंतर तेच पाणी दुप्पट होतं.

कुंझुमला देवीला प्रदक्षिणा. हवेत ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या खाली. हेल्मेट काढतानाही दम लागतो. उतारावर रस्ता म्हणजे दगडगोटे. बातलला चहा, राजमा-चावल. ढाब्याचं जेवण मोजायचं नाही हा नियम पाळला, पण दोघांनी दोनदा घेतलं.

नाल्यांची पद्धत: आधी एकानं बूट न काढता चालत जायचं, तळाचे दगड पायांनी चाचपायचे, मग गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, नजर पलीकडच्या काठावर. दुसरा माणूस प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभा. छोटा दड्याच्या जवळचा नाला गुडघाभर होता. दादाची गाडी मधोमध बंद पडली, मी पाण्यात उतरून मागून ढकलली, निघाली.

२४ सप्टेंबर, सिस्सू

ग्रांफूला डांबरी रस्ता लागला. सिस्सूत बटाटे, कोबी, विलोची झाडं, सगळं हिरवं. २०२० मध्ये उघडलेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा इथून जवळच. मनाली आता बारमाही हाकेच्या अंतरावर आली, आणि घराघरांत भाजी-तांदूळही तसाच आलाय. तरी संध्याकाळी घरात मारचू तळले होते, गव्हाच्या पिठाची जाड पुरी. तेल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, म्हणून सणाला तळण. तवा, वाळू, तेल: पाणी टाळण्याच्या तीन वाटा, आणि चौथी कुकरची. अहवालाची प्रकरणं अशीच लावायची.

बाकी कामं: दादाच्या गाडीचं मिश्रण खाली उतरल्यावर पूर्ववत करणं, माझी चेन आणि स्प्रॉकेट बदलणं. किब्बरच्या सगळ्या मापांची हिंदी प्रत करून आधी अम्मांना पाठवायची. त्यांनी तपासल्याशिवाय ती कोणालाही द्यायची नाही. घराटाच्या काडीचं रेखाचित्र अजून अर्धं आहे. छितकुलला फाफऱ्याच्या कापणीला, ऑक्टोबरात, पुन्हा जायचंय. आंटीजींना फोन करून तारीख विचारायची.